महॉगनी नव्हतं ते

खिडकीजवळच्या खाटेशी वहिनी बसलेली दिसली म्हणून ती तिकडे वळली, नाहीतर उशीवरचा तो चेहरा आपल्या भावाचा आहे हे तिला पटलंच नसतं. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी उरल्या होत्या. ओठ उलटलेले, कान जाड झालेले. मानेवर आणि दोन्ही हातांवर पाण्यानं टम्म भरलेले फोड.

"भिंगे, आलीस का?" तो पुटपुटला. आवाज तेवढा दादाचा होता.

भिंगी हे नाव त्यानंच पाडलेलं. लाकूड तपासणीच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून तिच्या गळ्यात दोरीला बांधलेलं छोटं भिंग कायम लोंबत असायचं. कुणी खुर्ची दाखवली तरी ती आधी खुर्ची उलटी करायची आणि तिच्या पायाला भिंग लावायची. व्यापारी, न्यायालय, विमा कंपनी, सगळ्यांचे तुकडे तिच्या टेबलावर यायचे, आणि हे लाकूड कशाचं ते सांगणं हेच तिचं काम. दादा कातारी. घराला लागूनच त्याचा छोटा कारखाना होता, आणि लेथवर तो खुर्च्यांचे पाय, जिन्याचे खांब, वाडगे असं काय काय कातायचा. लाकडानं दोघांचं पोट भरलं होतं. लाकूड आपलं कधी वाईट करील असं दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं.

"परवा नुसती खाज होती गं," वहिनी सांगत होती. "मी म्हटलं, घामोळं असेल. काल सकाळी उठले तर हे असं. मला म्हणाले, दिवा लाव, अंधार का आहे? ऊन भरपूर होतं घरात."

डॉक्टरीणबाई आल्या. अंगानं बारीक, बोलायला तुटक. "गेल्या आठवड्यात कशावर काम करत होते?"

"महॉगनी," भिंगी लगेच म्हणाली.

रस्ता रुंद करायला कडेची झाडं तोडत होते, त्यातल्या एका झाडाचे ओंडके ठेकेदारानं दादाला दिले होते. पानं-डहाळ्या आधीच कुणीकुणी नेलेल्या. कुठलं झाड ते तोडणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. दादानं एक फळी रंधून तिला फोटो पाठवला होता. लालसर तपकिरी, रेशमासारखी चकाकणारी. ती तेव्हा बसमधून उतरत होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं तिनं लिहून टाकलं होतं : महॉगनी दिसतंय, नशीब काढलंस.

"मग भुशाची ॲलर्जी असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कारखाना स्वच्छ करून घ्या. घरी गेल्यावर पुन्हा त्यातच बसायला नकोत."

वहिनीला काहीतरी करायला हवंच होतं. नुसतं बसून तिचा जीव कासावीस झाला होता. व्हरांड्यात तिनं भिंगीला विचारलं, "मी घरी जाऊन सगळं झाडून काढते. तो भुसा, ढलप्या, फळ्या, सगळीच ब्याद बाहेर. जाळायला दिलं कुणाला तर चालेल ना?"

"दे की. साधं लाकूड आहे," भिंगी म्हणाली.

वहिनी गेली. भिंगी दादाच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं त्याचे ओठ टिपत राहिली. वहिनी परत आली, घरातून आणलेले कपडे तिनं कपाटात ठेवले, आणि त्याच वेळी डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा आल्या. या वेळी त्यांनी दादाचा हात उजेडाकडे वळवून नीट पाहिला.

"हे बघा. भुशानं सगळीकडे सारखी पुरळ उठते. इथं ओरखड्यासारखे पट्टे उठलेत, रेघ ओढावी तसे. हा चीक आहे, ओला चीक. तो जिथं घासला तिथं फोड." त्यांनी भिंगीकडे पाहिलं. "महॉगनी नक्की ना? तुम्ही लाकूड हातात घेऊन पाहिलंत?"

"फोटो पाहिला."

डॉक्टरीणबाईंनी दादाचा हात हळूच खाली ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फोटोवरून लाकूड ओळखू नये, हे ती दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायची.

वहिनीकडून किल्ली घेऊन ती थेट कारखान्यावर गेली. आत सगळं लख्ख होतं. लेथ पुसलेला, फरशी धुतलेली, एक ढलपीही कुठं नव्हती. मागच्या पत्र्याखाली, नळाशेजारी मात्र एक ओंडका राहिला होता, दादानं फळीला टेकू म्हणून लावलेला. साल अंगावर तशीच होती. वाकून तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला.

साल बाहेरून राखी, खरबरीत, खपल्या सुटणारी. तसल्या सालीची झाडं पैशाला पासरी. पण जिथं करवत लागली होती तिथं, साल आणि लाकूड यांच्या मधोमध, काळं कडं होतं. कुणी डांबर ओतून पुसून घ्यावं तसं. तिथून ओघळ खाली आले होते आणि वाळून लाखेसारखे चमकत होते. महॉगनीला असलं काही कधी येत नाही.

तिनं ओंडका खाली ठेवला. बोटं चिकटत होती. नळाखाली धुतली, साबणानं घासली. तिथला वाळलेला चीक काळा होता, पण तिच्या बोटांना लागलेला ओला चीक फक्त फिक्कट तपकिरी दिसत होता. ओंडका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ती प्रयोगशाळेकडे निघाली. बसमध्ये तिची नजर पुन्हापुन्हा बोटांकडे जात होती. डाग गडद होत चालला होता. प्रयोगशाळेच्या दारात तिनं हात उजेडात धरले तेव्हा तीन बोटांची पेरं काळी पडली होती, शाईत बुडवल्यासारखी.

आता तिनं हातमोजे घातले.

ओंडक्याचा आडवा छेद तिनं धारदार पात्यानं साफ केला, वर पाण्याचा थेंब लावला आणि भिंग डोळ्याशी नेलं. बारीक छिद्रं विखुरलेली होती आणि त्यांच्यामधून फिकट रेषा गोलाकार गेलेल्या. महॉगनीतही अशाच रेषा असतात. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग तिनं तुकडा वळवला आणि सालीकडच्या बाजूनं सपाट काप घेतला. महॉगनीत त्या बाजूला बारीक तरंग दिसतात, वाऱ्यानं वाळूवर उमटावेत तसे. ते तरंग तिनं हजारदा पाहिले होते. इथं तरंग नव्हते. भिंग पुसून तिनं पुन्हा पाहिलं. नव्हतेच.

कागदाहून पातळ काप काढून तिनं तो सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. लाकडात आडवे जाणारे पेशींचे पट्टे कापात चातीसारखे दिसतात, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते. त्यातल्या काही पट्ट्यांच्या पोटात एकेक गोल भोक होतं, आणि भोकात काळी राळ भरलेली. चिकाच्या नळ्या. झाड त्यातूनच विष वाहतं.

नमुन्यांच्या कपाटातून तिनं काचेच्या पट्ट्या काढल्या आणि एकेक लावून पाहिली. घाईत पट्टी दोनदा सटकली. चौथी की पाचवी पट्टी तंतोतंत जुळली. आंबा, काजू, बिब्बा ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. चीक साऱ्या कुळालाच, पण घरात एखादा माणूसघाणा निघतो तसं हे निघालेलं. चीक हवा लागली की काळा होतो आणि कातडीवर पडला की एकदोन दिवसांनी फोड उठवतो. वाळलेल्या लाकडातही तो तसाच राहतो. आणि पट्टीसोबतच्या माहितीत शेवटी, साध्या अक्षरांत, एवढंच : जाळू नये, धूर श्वासात गेल्यास घसा व फुप्फुसं सुजतात.

जाळू नये.

तिनं वहिनीला फोन लावला. "वहिनी, ते भुशाचं काय केलंस?"

"सगळं पोत्यांत भरलं. का गं?"

"पोती कुठं आहेत?"

"पाववाल्या काकांनी हातगाडी पाठवली होती, ते घेऊन गेले. भट्टीला कामी येईल म्हणाले. तूच म्हणालीस ना, चालेल म्हणून?" वहिनीचा आवाज बारीक झाला. "बोल ना. काय झालं?"

"काही नाही. हात साबणानं धू, पुन्हापुन्हा धू, डोळ्यांना लावू नकोस. तुझे आणि दादाचे कारखान्यातले कपडे वेगळे ठेव. डॉक्टरांना सांग, महॉगनी नाही, बिब्ब्याच्या जातीतलं आहे. असंच सांग."

बेकरीचा फोन कुणी उचलेना. संध्याकाळच्या पावासाठी भट्टी दुपारीच पेटते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. रस्त्यावर येऊन तिनं रिक्षा थांबवली. प्रत्येक चौकात सिग्नल तांबडा. वळणावरून तिला बेकरीचं धुराडं दिसलं आणि त्यातून निघणारा धूर. नेहमीचाच, पांढरट, आळसावलेला. शेजारच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कुणीतरी बाळाचे कपडे वाळत घातले होते. धूर त्यांच्यावरून चालला होता.

बेकरी म्हणजे लांबट, बुटकी खोली. एका टोकाला फळ्यांवर पाव, दुसऱ्या टोकाला विटांची भट्टी. पाववाले काका कोपरापर्यंत पीठ लावून उभे, आणि त्यांचा कामगार लांब दांड्याच्या फळीनं पाव आत सरकवत होता. भट्टीशेजारी पोती होती. एक रिकामं.

"काका, बाहेर या. दोघंही. आत्ताच्या आत्ता."

"अगं, दादा कसा आहे?"

"काका, ते लाकूड विषारी आहे. धूर विषारी आहे. बाहेर चला!"

"हे?" त्यांनी भट्टीकडे पाहिलं. "झकास पेटलंय की. इतकं सुरेख लाकूड कितीतरी दिवसांत..." त्यांना ठसका लागला. छातीवर मूठ मारून त्यांनी तो परतवला. "आणि पाव आत आहे. तो कोण काढणार, तुझं भिंग?"

"पाव गेला खड्ड्यात! दादाच्या कातडीला जे झालंय ना, ते तुमच्या छातीत होईल. आतून. कळतंय का?"

कामगारानं फळी टाकली. काकांचा हात छातीवरच राहिला. मग ते पुटपुटले, "पाणी मारू?"

"नाही! सगळा धूर अंगावर येईल. झाकण लावा आणि चला."

कामगारानं भट्टीचं लोखंडी दार पायानं ढकलून लावलं. भिंगीनं ओढणी नाकातोंडावर धरली आणि काकांना दंडाला धरून बाहेर काढलं. मग ती गल्लीत सैरावैरा धावली. खिडक्या लावा, धूर विषारी आहे, खिडक्या लावा! लोक आधी हसले. मग कुणीतरी पाववाल्या काकांना पायरीवर वाकून खोकताना पाहिलं आणि हसणं थांबलं. धडाधड खिडक्या मिटल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईनं बाळाचे कपडे आत ओढले तेव्हा भिंगी जवळजवळ किंचाळली, "ते आत नेऊ नका, खाली टाका!" बाईनं कपडे असे भिरकावले, जणू त्यांत निखारे होते.

अग्निशमनवाले आले. तोंडाला मुखवटे लावून ते आत गेले, उरलेली पोती त्यांनी जाड पिशव्यांत बांधली. भट्टी आपोआप विझेपर्यंत कुणालाही आत जाऊ दिलं नाही. काका आणि कामगार, दोघांना रुग्णवाहिकेतून नेलं. जाताना काका म्हणाले, "मला तर काहीच होत नाहीये." ती मनात म्हणाली, याला वेळ लागतो. तेच तर भयंकर आहे.

पुढचा दीड दिवस सगळेच वाट पाहत होते, कुणाला काय आणि कधी होतंय याची. कामगाराला नुसता खोकला आला. वहिनीच्या मनगटांवर लाल पट्टे उठले. भिंगीच्या त्या तीन बोटांवर फोड आले, आणि नाकाच्या दांड्यावरही एक रांग. कारखान्यात चष्मा सावरला होता तिनं, तेव्हाची. पाववाल्या काकांचा घसा दुसऱ्या दिवशी सकाळी सुजला. त्यांना नळीनं प्राणवायू द्यावा लागला. काचेच्या दाराबाहेर त्यांची बायको उभी होती. भिंगी शेजारी जाऊन उभी राहिली, पण बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी दादाच्या एका डोळ्याची फट थोडी उघडली. भिंगीनं त्याला सगळं सांगितलं. फोटोचं, 'साधं लाकूड'चं, बेकरीचं. मधे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढं बोलवलं नसतं.

दादानं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "मी तरी तुला साल कुठं दाखवली? फळी रंधली, पाणी लावलं, उन्हात धरली. नवरी मुलगी दाखवावी तसा फोटो काढला." हसायला गेला आणि ओठ तडकला, कण्हला. "काका कसे आहेत?"

"माहीत नाही."

"भिंगे." त्याच्या आवाजातलं हसू गेलं. "माझ्याकडं नुसत्या जाड फांद्या आल्या होत्या. खोड कुठंय?"

"कसलं खोड?"

"त्या झाडाचं. केवढं थोरलं होतं. ते ठेकेदारानं वखारीत टाकलं. कापायला."

तिनं पुढचं ऐकलंच नाही.

वखार शहराच्या कडेला होती. फाटकाबाहेरूनच करवतीचा आवाज ऐकू येत होता. चढत जाणारी किंकाळी आणि मग दात लाकडात शिरल्यावरची घरघर. आत्ता तेच तर कापलं जात नसेल? मालकाला तिनं प्रयोगशाळेचं ओळखपत्र दाखवून करवत बंद करायला लावली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "रस्त्याची सगळी झाडं इथंच आलीत. यातलं तुमचं कुठलं, ते मी कसं सांगू?"

मैदानभर ओंडक्यांचे ढीग. एकालाही पान नाही. मुखवटा आणि दुहेरी हातमोजे घालून ती ढिगांमधून चालू लागली. एकाची साल सुसरीच्या पाठीसारखी, खोल भेगांची. ते नाही. एकाचे कागदासारखे पापुद्रे सुटत होते. ते नाही. राखी खरबरीत साल दिसली की ती थांबायची, वाकून कापलेलं तोंड पाहायची, काळं कडं शोधायची. नाही. पुढचं. नाही. ओंडक्याला हात न लावता त्याची खालची बाजू पाहायची म्हणजे जमिनीला गाल टेकवावा लागत होता. करवत थांबल्यावर सगळीकडे अशी शांतता पसरली होती की तिला मुखवट्यात स्वतःचाच श्वास ऐकू येत होता.

शेवटच्या ढिगाच्या सावलीत एक कामगार ओंडक्यावर बसून जेवत होता. सदरा काढून शेजारी ठेवलेला, डबा मांडीवर. ओंडका थोरला, राखी. त्याच्या पायांच्या मधे, कापलेल्या तोंडावर, काळं कडं होतं, आणि ओघळ थेट मातीपर्यंत गेले होते.

"उठा," ती म्हणाली. "हळूच उठा. कशाला हात टेकू नका."

तो घास हातात घेऊन तिच्याकडे पाहत राहिला. "का? साप आहे का?"

"साप असता तर तुम्हाला दिसला तरी असता. उठा."

तो उठला. सवयीनं तळहात ओंडक्यावर टेकवूनच उठला. मग तिच्या नजरेकडे पाहून त्यानं स्वतःचा हात उलटा केला. तळव्यावर तपकिरी डाग होता. दुसऱ्या हातातल्या घासाकडे पाहून त्यानं तो खाली टाकला.

"काय आहे हे, बाई?" त्यानं विचारलं. चांगला धिप्पाड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता.

तिनं त्याला नळाशी नेलं आणि त्याचे हात स्वतः धुतले, कोपरापर्यंत, साबण संपेपर्यंत. त्यानं खरोखर किती घास खाल्ले होते ते तिनं तीनदा विचारलं. तीनही वेळा त्यानं वेगळं उत्तर दिलं.

त्याच्या तळहातावर आणि मांड्यांवर फोड आले, तोंडात काही झालं नाही. दादा तीन आठवड्यांनी घरी आला. अंगाची साल निघून नवी गुलाबी कातडी आली होती. लेथला हात लावायला त्याला आणखी बरेच दिवस लागले. पाववाले काका वाचले. त्यांचा आवाज मात्र कायमचा बसला. भिंगी माफी मागायला गेली तेव्हा ते त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आत येऊ नकोस. अजून राग आहे." ती पायरीवरूनच परतली.

खोड खोल खड्डा करून पुरलं. ठेकेदाराला तिनं विचारलं, डहाळ्या आणि बारीक फांद्या कुणी नेल्या? त्यानं खांदे उडवले. येणारेजाणारे घेऊन गेले, म्हणाला, कुणी सरपणाला, कुणी कुंपणाला. तिनं वर्तमानपत्रात सूचना छापून घेतली, आसपासच्या दवाखान्यांना फोन केले. रोज कामावरून सुटल्यावर ती त्या भागातल्या गल्ल्यांतून चालायची आणि कुठं धूर दिसला की थांबायची. लोक विचारायचे, काय हवंय? तिला नीट सांगता यायचं नाही.

कुणी आजारी पडल्याचं कधी कानावर आलं नाही. पण त्या फांद्या कुठं गेल्या, तेही कळलं नाही.